ऑक्साईड सरांचा दिवा

आमच्या शाळेत एका वेळी तीन शेख सर होते. मुलांनी कोणाला न विचारता त्यांची वाटणी करून टाकली होती. एक पी.टी.चे शेख सर, एक हिंदीचे शेख सर आणि तिसरे ऑक्साईड सर. पहिले दोघे बदलून गेले, तरी तिसऱ्यांना त्यांचं आडनाव काही परत मिळालं नाही. गावात, आखाडा बाळापूरच्या बाजारात, एस.टी. स्टँडवर ते ऑक्साईड सरच. त्यांना ते आवडायचंही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आवडायचं. त्यानंतर कोणी तशी हाक मारली की ते जागच्या जागी थांबायचे आणि मागे वळायला इतका वेळ लावायचे, की हाक मारणाऱ्यालाच आपलं काही चुकलं असं वाटायचं.

सर आता इथे नाहीत. जूनमध्ये त्यांची मुलगी आली आणि त्यांना परभणीला घेऊन गेली. मी त्याच शाळेत मराठी शिकवते. स्टाफरूममध्ये अठरा वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. त्यांच्याविषयी लिहायला दुसरं कोणी तयार होईल असं वाटत नाही, आणि जे घडलं त्यात माझाही हात आहे, म्हणून मीच लिहिते.

सर उंच, किडकिडीत. शर्टावर पोटाच्या जागी ॲसिडने पडलेली बारीक भोकं. विडी-सिगारेटचा नाद नाही, पण खिशात माचिस कायम. खोलीत शिरले की नमस्कार-चमत्काराच्या आधी खिडक्या उघडणार. थंडीत आम्ही शाली घेऊन कुडकुडत असायचो आणि हे एकेक कडी काढत निघायचे. मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, आम्हाला न्यूमोनियाने मारायचं ठरवलंय का?"

"न्यूमोनिया आला तर डॉक्टर है, मॅडम," ते म्हणाले. "खराब हवेला डॉक्टर न्हाई."

त्यांचं हे हवेचं खूळ आहे असं आम्ही समजायचो. मग एका डिसेंबरात आमचे शिपाई, मारोती मामा, वर्गखोल्यांमागच्या लहानशा खोलीत कोळशाची शेगडी पेटवून दार लावून झोपले. सकाळच्या शाळेला सर पहिले आले, घंटा झाली नाही म्हणून मागे गेले आणि त्यांनी दार ढकलून मामांना पायाला धरून ओढत अंगणात आणलं. मामा वाचले. तोंड लालबुंद झालं होतं, ताप चढल्यासारखं. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "मला तर काईच वास आला न्हाई, सर." सरांनी शेगडी उचलून अंगणात उपडी केली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "नाकावर भरोसा ठिवू नका. जे मारतं त्याला वास नसतो." त्या दिवसापासून मी खिडक्यांबद्दल बोलायचं सोडलं.

सरांचे अब्बा कल्हईवाले होते. वारंगा फाटा, बाळापूर, कनेरगाव नाका असे बाजार धरून फिरायचे. सर लहानपणी भाता मारायचे. तांब्याचं भांडं काळं पडलं की अब्बा म्हणायचे, 'हवा खाती है तांबे को.' सर नववीच्या वर्गात पहिल्या तासाला अब्बांचा एक काळाठिक्कर तांब्या घेऊन जायचे, चिंचेने अर्धाच घासायचे आणि विचारायचे, "हे काळं म्हंजे काय?"

"घाण," पोरं म्हणायची.

"अर्धं बराबर."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. चूक उत्तर द्या, अर्धं बराबर. बरोबर उत्तर द्या, तरी अर्धं बराबर. मुलं घरी नक्कल करायची. स्वयंपाकाला नावं ठेवतानासुद्धा ती हेच म्हणतात, अशी तक्रार एका आईने पालकसभेत केली होती.

मग ते त्या काळ्या थराचं नाव सांगायचे, ऑक्साईड. आणि त्या नावाची गोष्ट. ही गोष्ट मी भिंतीपलीकडच्या वर्गातून इतक्या वेळा ऐकली आहे की मला ती पाठ आहे. दोनशेहून जास्त वर्षांमागे फ्रान्सातल्या विद्वानांनी हवेतला हा भाग ओळखला आणि त्याला नाव दिलं ऑक्सिजन. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ आंबटपणा जन्माला घालणारा. कारण त्यांची खात्री होती, की जगातल्या सगळ्या ॲसिडांत हीच हवा असते. आणि ती दुसऱ्या कशाला धरून बसली, की होणाऱ्या पदार्थाला नाव दिलं ऑक्साईड. डोकं ऑक्सिजनचं, शेपूट ॲसिडचं.

"दोनी बाजूनं आंबट," सर म्हणायचे. "आन मग काय झालं? मिठाच्या तेजाबात, म्हंजे हायड्रोक्लोरिक ॲसिडात बघितलं, तर ऑक्सिजन औषधाला न्हाई. म्हंजे पाया चुकला. पण तोवर नाव बसलं होतं. साऱ्या दुनियेच्या तोंडात बसलं होतं. आता चुना घ्या. कळीचा चुना ऑक्साईड है. आंबट है का? जिभेला लावू नका, भाजंल. मी सांगून राहिलो, न्हाई आंबट. तरी नाव तेच."

एखादं पोरगं विचारायचं, मग नाव बदलत काहून न्हाईत? सर तांब्या खाली ठेवायचे. "बदलायला सगळ्यांना एकाच दिवशी सांगावं लागतं, बेटा. ते कोणाला जमत न्हाई."

ते मराठी शब्दासाठी माझ्याकडे यायचे. मी म्हटलं, भस्म म्हणा, लोहभस्म म्हणतातच की वैद्य. तर म्हणाले, "अर्धं बराबर, मॅडम. पाणी पण ऑक्साईड है. पाण्याला भस्म म्हणाल?" मला राग आला होता, खरं सांगते. अठरा वर्षांत मला त्यांनी एकदाही पूर्ण बरोबर म्हटलं नाही.

दिव्याची सुरुवात शाळेमागच्या विहिरीवर झाली. जुनी, वापरात नसलेली विहीर, आत पिंपळाचा पालापाचोळा कुजलेला. पाणीटंचाईच्या एका उन्हाळ्यात ती साफ करायचं ठरलं आणि शेगडीतून वाचलेले तेच मारोती मामा धोतर खोचून उतरायला निघाले. सरांनी त्यांच्या दंडाला धरलं. कंदील पेटवला, काच काढून ठेवली आणि दोराला बांधून खाली सोडला. भर दुपारची वेळ, आम्ही सगळे काठावर वाकून बघत होतो. दोन पुरुष, म्हणजे दहा-बारा फूट खोल गेला तोवर ज्योत चांगली होती. मग ती बारीक झाली आणि गेली, कोणी चिमटीत धरून विझवावी तशी. धूरसुद्धा वर आला नाही. मामांनी आपल्या पायांकडे बघितलं.

"हा पण ऑक्साईडच," सर म्हणाले. "कार्बनला ऑक्सिजनचे दोन हात लागले. जड है, खाली बसून राहतो. दिवा विझला तिथं माणूस पण विझतो."

ही बातमी आठवड्यात पंचक्रोशीत गेली. विहिरी खोदणारे, गाळ काढणारे, सगळ्यांनी दिवा उचलला. आणि आपल्याकडे एखादी गोष्ट उचलली की ती नुसती राहत नाही. आधी हळदकुंकू आलं, मग नारळ आला. उतरायच्या आधी काठावर नारळ फोडायचा, दिव्याला कुंकू लावायचं, दिवा खाली सोडायचा, जळत राहिला की हात जोडायचे आणि उतरायचं. त्याला नावही पडलं, सरांचा दिवा. सरांना हे कळलं तेव्हा ते हसले. "नारळानं काही बिघडत न्हाई," म्हणाले. "दिवा लावून राहिले ना, बस."

आता माझा भाग. मुख्याध्यापकांनी शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर काहीतरी उपयोगाचं लिहायला सांगितलं आणि काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'दिवा जगला तर माणूस जगला.' पेंटरने निळ्या अक्षरांत रंगवलं, बाजूला कंदिलाचं चित्र काढलं. मी फार खूश होते. सर भिंतीपुढे उभे राहिले, दोनदा वाचलं.

"अर्धं बराबर, मॅडम."

"आता काय राहिलं?"

"इंजिनाचं न्हाई आलं. विहिरीत इंजिन चालवलं तर दुसरा ऑक्साईड होतो. एक हातवाला. शेगडीतला. त्याच्यात दिवा विझत न्हाई."

"सर," मी म्हटलं, "भिंत आहे ही. निबंध नाही."

त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग पेंटरकडे, जो सामान आवरत होता. "चालतंय मग," म्हणाले. हे दोन शब्द मी विसरू शकत नाही, कारण सरही ते विसरले नाहीत.

तेव्हा विहिरीत इंजिन नेणारं जवळपास कोणी नव्हतं. मग पाणी खोल जात गेलं. वर ठेवलेला पंप पंचवीस-तीस फुटांच्या खालचं पाणी ओढू शकत नाही, म्हणून लोक पेट्रोलवरचा लहान पंप दोराने आत सोडून मधल्या टप्प्यावर ठेवायला लागले. पाणी उपसून झालं की पंप बंद, आणि मग गाळ काढायला माणसं आत.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात बालाजी गेला. वारंग्याच्या बाजूला तांड्यावरचा, आमचाच विद्यार्थी. अभ्यासात बरा, हाताने कामसू, सरांचा लाडका. प्रयोगशाळेच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या त्याच्याच अक्षरात होत्या. त्यांच्या स्वतःच्या शेतातली विहीर. सकाळभर पंप चालवला, बंद केला, नारळ फोडला, दिवा सोडला. दिवा तळाशी जाऊन ठेपला तरी झकास जळत होता. बालाजीने भावाला सांगितलं म्हणे, 'सरांचा दिवा है, काही होत न्हाई,' आणि उतरला. दहा मिनिटं फावडं चालल्याचा आवाज येत होता. मग यायचा थांबला. भाऊ निम्म्यात उतरला आणि चक्कर येते म्हणून कसाबसा वर आला. बालाजीला गळ टाकून काढावं लागलं.

आम्ही तांड्यावर गेलो तेव्हा त्याला अंगणात निजवलं होतं. चेहरा गुलाबी, नुकता उन्हातून आल्यासारखा. बायका म्हणत होत्या, जिवंत है, बघा तोंडावर रक्त है. सरांनी तो रंग ओळखला. मीही ओळखला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

बालाजीचे वडील, नामदेव काका, उठून सरांच्या पुढे आले. मला वाटलं हात उगारतील. त्यांनी सरांचे दोन्ही हात धरले.

"दिवा तर जळत व्हता, सर," ते म्हणाले. "मी सोताच्या डोळ्यानं बघितला. जळत व्हता."

त्यात राग नव्हता. ते खरंच विचारत होते. सरांनी आपले हात सोडवून घेतले नाहीत. परत येताना रिक्षात ते एकदाच बोलले. "मी त्याला शिकवलं होतं, मॅडम. मोनो म्हंजे एक, डाय म्हंजे दोन. एका मार्काला येतं म्हणून सांगितलं. त्यानं बराबर लिहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले ते चुन्याची बादली घेऊन. माझं वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं. एका हातात झालं नाही, निळी अक्षरं खालून दिसत राहिली, म्हणून तीन हात दिले. मी शेजारी उभी होते. मला म्हणायचं होतं की चूक माझी आहे, मीच तुम्हाला गप्प बसवलं. ते मी म्हटलं नाही, त्यांनीही मला कधी बोल लावला नाही, आणि याची मला अजून लाज वाटते.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि विहिरी फिरायला लागले. कुठे यारी उभी राहिली, म्हणजे गाळ वर ओढायचं ते लोखंडी यंत्र दिसलं, की सर आपली जुनी स्कूटर घेऊन हजर. तेच तेच सांगायचे. आत इंजिन चालवू नका. चालवलंच असेल तर त्या दिवशी उतरू नका. लिंबाची मोठी फांदी दोराला बांधून खाली-वर करा, हवा ढवळा, रात्र जाऊ द्या. दिव्यावर जाऊ नका.

लोक ऐकून घ्यायचे. चहा द्यायचे. मग म्हणायचे, "सर, तुमीच तर शिकवलं, दिवा लावा म्हणून." दिवा त्यांच्या हातात होता, डोळ्यांना दिसत होता, कुंकू लावलेला होता. सर जे सांगत होते ते दिसत नव्हतं आणि त्याला वासही नव्हता. काही जण तर म्हणायचे, बालाजीच्या दिव्याला कुंकू लावायचं राहिलं असेल. एका मुकादमाने मला सांगितलं, म्हातारपणात सर घाबरट झाले. आपल्याच दिव्याला भिऊन राहिले. सरांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते म्हणाले, "बराबर है." पहिल्यांदाच पूर्ण. मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते यंदाच्या मे महिन्यात. वारंगा फाट्याच्या अलीकडे लग्न होतं. मी आणि आमचे हे मोटारसायकलवर निघालो होतो. रस्त्यापासून शेताएवढ्या अंतरावर यारी दिसली, आठ-दहा माणसं, आणि लिंबाच्या झाडाखाली सरांची स्कूटर. मी यांना थांबायला सांगितलं आणि भरजरी साडी सावरत ढेकळांतून गेले.

यारीची बकेट काठावर टेकवलेली होती आणि सर तिच्यात बसले होते. गुडघे वर आलेले, हात कडेवर, डोक्याला रुमाल. माणसं याच बकेटमधून खाली उतरतात. पंप तासाभरापूर्वी बंद झाला होता, दिवा खाली जळत होता, आणि सर बकेटमधून उठायला तयार नव्हते.

यारीवरचा मुकादम हसून म्हणाला, "मॅडम, तुमी तरी सांगा. मशीन उद्या सकाळी दुसऱ्या विहिरीवर जाणार है. आजच्या आज गाळ काढायचा है. सकाळी या म्हणतात सर."

"सकाळी मी सोता उठतो," सर म्हणाले. "शब्द देतो."

विहिरीचा मालकही तिथेच होता, भला माणूस. त्याने सरांना पाणी आणून दिलं. कोणी त्यांना हात लावला नाही, आवाज चढवला नाही. सगळे सावलीत बसून त्यांच्या उठण्याची वाट बघत होते. मला त्या शांतपणाची भीती वाटली. सर साठ वर्षांचे, ऊन चाळीसच्या पुढचं, लोखंड तापलेलं. किती वेळ बसणार होते?

मी त्यांच्याशी दोन शब्द बोलायला वाकले, तेव्हा पलीकडच्या काठावर माझी नजर गेली. एक तरणाबांड गडी झाडाच्या बुंध्याला दोर बांधून दुसरं टोक कमरेला गुंडाळत होता. त्याला बकेटची गरजच नव्हती. सरांची पाठ त्याच्याकडे होती.

"सर, मागं बघा," मी म्हटलं.

सरांनी बघितलं आणि ते उठले. त्या वयात, त्या उन्हात, ते विहिरीला वळसा घालून धावले आणि त्यांनी त्या गड्याचा दोर दोन्ही हातांनी धरला. इकडे बकेट मोकळी झाली. सावलीतला दुसरा एक जण सहज उठला, अंगातला सदरा काढला आणि बकेटकडे चालत आला. घाई नाही, दुष्टावा नाही. त्याला काम संपवून घरी जायचं होतं.

मी बकेटमध्ये बसले. विचार केला असता तर बसले नसते. लोखंडाचा चटका साडीतून लागला. तो माणूस थांबला, कारण बाईमाणसाला ऊठ कसं म्हणायचं हे त्याला कळेना. आमचे हे रस्त्यावरून हॉर्न वाजवत होते, मग तेही यायला लागले. मी बाजूला वाकून खाली बघितलं. दिव्याची ज्योत अगदी सरळ, सुंदर होती. ती बघून मलासुद्धा वाटलं, काय होणार आहे उतरलं तर.

त्या दिवशी त्या विहिरीत कोणी उतरलं नाही. ऊन कलल्यावर मालकच म्हणाला, जाऊ द्या, सकाळी बघू. गड्याने कमरेचा दोर सोडला, पण सरांनी आपल्या हातातला सोडला नाही. मुकादम माझ्यापाशी येऊन उकिडवा बसला. तो अजिबात चिडलेला नव्हता.

"आज तुमी बसल्या, मॅडम. चांगलं केलं समजा," तो म्हणाला. "पण माझ्या एकट्याकडं अजून अकरा विहिरी हैत. तिथं कोण बसणार?"

मी पलीकडे सरांकडे बघितलं. मधे विहिरीचा तेवढा रुंद खड्डा होता, त्यांना हे ऐकू गेलं नव्हतं. दोर छातीशी धरून ते तिथेच उभे होते. मी बघते आहे हे पाहून त्यांनी एक हात वर केला आणि हसले.